परळचे हाफकिन, कोलकात्याचे हाफकिन

हाफकिन म्हटले की आम्हा मुंबईकरांना परळची संस्था आठवते. सर्पदंशावरचे औषध तिथे तयार होते, यापलीकडे मलाही फारसे ठाऊक नव्हते. नोकरीनिमित्त कोलकात्यात स्थायिक झाल्यावर कळले की, हे गृहस्थ परळला पोचण्यापूर्वी आपल्या या शहराच्या बस्त्यांमधून हिंडत होते. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची ओळख करून द्यावी असे वाटले.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी, त्या वेळी रशियन साम्राज्यात असलेल्या ओदेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. विद्यापीठात मेचनिकोव्ह यांच्यासारखे थोर गुरू लाभले. पण ज्यू असल्याने पुढची वाट बंद होती. धर्म बदलला तर ती उघडणार होती, पण ते त्यांनी नाकारले. अखेर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते ग्रंथालयातल्या साध्या नोकरीवर रुजू झाले. फावल्या वेळात प्रयोग करता करता त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

त्या काळी कॉलऱ्याचे माहेरघर म्हणून बंगाल जगभर ओळखला जाई. कॉलऱ्याचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखले, तेही १८८४ साली इथेच. पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसला ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या मदतीने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास आले. ज्यू माणूस, रशियाचा प्रजाजन, फ्रेंच प्रयोगशाळा, इंग्रजांचे राज्य आणि टोचून घेणारे बंगाली मजूर! आज ज्याला आपण आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतो, ते त्या काळी असे एका माणसाच्या पेटीतून येत असे.

पहिले वर्ष उत्तर हिंदुस्थानात गेले. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्पसन यांनी त्यांना काँठालबागान, म्हणजे आपल्या भाषेत फणसबाग, या बस्तीत बोलावले. दोन पुकुरांभोवती सुमारे २०० माणसे राहत होती. तेच पाणी पिण्याला आणि तेच धुण्याला. नुकतेच दोघे कॉलऱ्याने दगावले होते. गोऱ्या माणसाच्या सुईसमोर हात कोण करणार? तेव्हा हाफकिन यांनी आधी लोकांदेखत स्वतःला टोचून घेतले. त्यांच्याबरोबर चौधरी, घोष, चॅटर्जी, दत्त असे इथलेच डॉक्टर होते. त्यांना लोकांची भाषा येत होती. अखेर ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्या बस्तीत जे दहा जण आजारी पडले, ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. मग इतर बस्त्यांमधूनही बोलावणी येऊ लागली. १८९५ च्या मध्यापर्यंत देशभरात सुमारे ४२ हजार लोकांनी लस घेतली होती. सक्ती कोणावरही नव्हती.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि सरकारने त्यांना तिकडे धाडले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा एवढीच जागा मिळाली. प्लेगचे जंतू वाढवायला त्यांनी रशात आपले घरचे तूप घातले, तुपाच्या थेंबांना धरून ते छान वाढत! १० जानेवारी १८९७ रोजी पहिली लस पुन्हा स्वतःच्याच अंगात. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी स्वेच्छेने पुढे आले. आगाखान यांनी आपल्या समाजासमोर लस घेतली, तसे लोक येऊ लागले.

त्याच साली पुण्यात काय घडले, हे मराठी माणसाला सांगायला नको. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. घरांत शिपाई घुसवणाऱ्या रँडचा खून झाला. रोग एकच, पण विचारून केलेला उपाय आणि लादलेला उपाय यांत किती अंतर पडते, हे त्या एका वर्षात दिसले.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटात उघडली. पण ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि पद गेले. पुढे उघड झाले की, गावात बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. आपल्या पी.जी. हॉस्पिटलात मलेरियाचे संशोधन केलेले रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे त्यांची निर्दोष सुटका झाली.

हाफकिन पुन्हा कलकत्त्यास आले. पण मुंबईची प्रयोगशाळा परत मिळाली नाही आणि नव्या लशीच्या चाचणीला परवानगीही मिळाली नाही. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हा अविवाहित, एकाकी माणूस निवर्तला. त्यापूर्वी १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले होते. तोवर तिथून प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते.

काँठालबागानची गोष्ट तिथे संपत नाही. २००६ साली कोलकात्याच्याच बस्त्यांमध्ये सुमारे ६७ हजार लोकांवर कॉलऱ्याच्या तोंडाने घ्यायच्या नव्या लशीची चाचणी झाली. तिच्यामागे स्वीडन व व्हिएतनाममधले संशोधन होते, सोल येथील आंतरराष्ट्रीय लस संस्था होती, बेलेघाट्याची आपली राष्ट्रीय संस्था होती आणि हैदराबादचा कारखाना होता. पाच वर्षांनंतरही ती लस सुमारे ६५ टक्के संरक्षण देत होती. पुढे ती जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेने इतर देशांतही गेली.

या शहरात आपणही बाहेरूनच आलो. बाहेरून आलेल्या माणसाला इथे दारे कशी उघडतात, हे हाफकिन यांच्याकडून शिकावे. आधी आपला हात पुढे करायचा, सोबत इथल्या माणसांना घ्यायचे, आणि समोरचा नको म्हणाला तर त्याच्या दारातून परत फिरायचे. उद्या पुन्हा जाण्यासाठी.