मार्शल स्ट्रीटवरची निळी पाटी : अल-हाज मलिक अल-शबाज यांची आठवण

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला लागूनच स्मेदिक नावाचं शहर आहे. तिथल्या मार्शल स्ट्रीटवर एका साध्या घराच्या भिंतीवर निळी पाटी आहे. नाव आहे माल्कम एक्स यांचं. ते या गल्लीत कधी राहिले नाहीत, फक्त एकदा येऊन गेले. तरी त्यांची पाटी इथे का, हे आपण समजून घ्यायला हवं.

माल्कम यांचा जन्म १९ मे १९२५ रोजी अमेरिकेतल्या ओमाहा शहरात झाला. सहा वर्षांचे असताना वडील वारले. पुढे आईला मनोरुग्णालयात ठेवलं गेलं आणि भावंडांची ताटातूट झाली. तरुणपणी ते गुन्हेगारीकडे वळले आणि १९४६ मध्ये चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले. तिथे त्यांनी वाचनाचा ध्यास घेतला आणि तिथेच 'नेशन ऑफ इस्लाम' या संघटनेशी जोडले गेले. काळ्या माणसांना स्वाभिमान देणारी ही संघटना गोऱ्यांना मात्र सैतान मानायची. इस्लामच्या मूळ शिकवणीपासून ती बरीच दूर होती.

मार्च १९६४ मध्ये माल्कम यांनी ती संघटना सोडली आणि पुढच्याच महिन्यात हजला गेले. मक्केत गोरे, काळे, सावळे सगळे एकाच सफमध्ये उभे होते, एकाच ताटात जेवत होते. सगळे गोरे वाईट, हा त्यांचा समज तिथे गळून पडला. अन्यायाविरुद्धचा लढा मात्र थांबला नाही. अल-हाज मलिक अल-शबाज हे नाव घेऊन ते परतले.

इकडे स्मेदिकमध्ये वातावरण तापलं होतं. १९६४ ची निवडणूक तिथे वर्णद्वेषी प्रचारावर जिंकली गेली होती. मार्शल स्ट्रीटवरची रिकामी घरं नगरपालिकेने विकत घेऊन फक्त गोऱ्या कुटुंबांना द्यावीत, असा घाट घातला जात होता. ज्यांना बाहेर ठेवायचं होतं त्यांत कॅरिबियन बेटांवरून आलेले होते, तसेच आपल्या भारतातून गेलेले कामगारही होते. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या निमंत्रणावरून माल्कम तिथे आले, गल्लीतून चालले आणि या भेदभावाचा उघड निषेध केला. त्या घरांसाठी लागणाऱ्या कर्जाला सरकारने मंजुरी दिली नाही. त्याच वर्षी वंशभेदाविरुद्ध ब्रिटनचा पहिला कायदा झाला. घरांच्या व्यवहारात भेदभावाला बंदी यायला मात्र १९६८ उजाडलं.

हे पाहायला माल्कम नव्हते. स्मेदिकच्या भेटीनंतर नवव्या दिवशी, २१ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कच्या ऑड्युबन सभागृहात भाषणाला उभे राहिले असताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वय अवघं ३९.

मार्शल स्ट्रीटवरची पाटी २०१२ साली लागली. ज्या गल्लीत काळ्या माणसाला घर मिळू नये म्हणून खटपट झाली, तिथल्याच भिंतीवर आज एका काळ्या मुसलमानाचं नाव आदराने लिहिलेलं आहे.

नाव ऐकून घर नाकारलं जाणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या अनेक कुटुंबांना वेगळं सांगायला नको. म्हणूनच आपण मुलांना माल्कम यांच्या जोशपूर्ण भाषणांबरोबर स्मेदिकची हकीकतही सांगू या. तिथल्या लोकांची भाषा, देश आणि बहुतेकांचा धर्मही त्यांच्यापेक्षा वेगळा होता, तरी ते त्यांच्यासाठी गेले. शेजारी कुठल्याही जातीधर्माचा असो, त्याच्या दारात अन्याय झाला तर आपणही तिथे उभं राहायला हवं.

अल्लाह त्यांची मगफिरत करो. आमीन.