चोखोबांचे बिऱ्हाड

संत चोखामेळा यांचे चित्त पंढरपुरी, बिऱ्हाड मात्र मंगळवेढ्यास. उभय गावांत अंतर सुमारे 25 किलोमीटर. पंढरीत देवळाची पायरी ओलांडण्यास त्यांना मनाई. मंगळवेढ्यासही घर गावकुसाबाहेर. पत्नी सोयराबाई व पुत्र कर्ममेळा हेही अभंग रचीत, याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. सन 1338 मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून चोखोबा मजुरांसह गाडले गेले. ज्या कुसाच्या आत त्यांना राहता येत नव्हते, तेच ते बांधीत होते! नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस नेऊन महाद्वारापाशी समाधी बांधली, अशी परंपरा आहे. त्या महाद्वाराच्या आत जाण्यास त्यांच्या बांधवांना साने गुरुजींच्या 1947 मधील उपोषणापर्यंत थांबावे लागले.