शब्द घडवणारा माणूस

अंघोळीनंतर तुम्ही आईकडे टॉवेल मागता. धाकटी बहीण बाहुलीसाठी हट्ट करते. पण या वस्तूंना तुमच्या भाषेत नावेच नसती तर? एका घरात खरोखरच अशी अडचण आली होती.

ते घर एलिएझर बेन-येहूदा यांचे. त्यांचा जन्म ७ जानेवारी १८५८ रोजी लुझ्की या गावी झाला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते बेलारूस देशात आहे. पॅरिसला वैद्यकाचे शिक्षण घेताना त्यांना क्षयाने गाठले. तरीही १८८१ साली ते पत्नी देवोरासह जेरुसलेमला, म्हणजे बैतुल मुकद्दसला, येऊन राहिले.

हिब्रू, जिला तुम्ही उर्दूत इबरानी म्हणता, ती ज्यू लोकांची प्राचीन भाषा. प्रार्थनेत आणि ग्रंथांत ती जिवंत होती; घरात मात्र शतकानुशतके ती कोणी बोलत नव्हते. बेन-येहूदांनी घरी फक्त हिब्रूच बोलायची असे ठरवले. १८८२ साली त्यांना मुलगा झाला. त्याच्या कानावर दुसरी भाषा पडू नये म्हणून त्याला इतर मुलांत मिसळू देत नसत. मुलगा कितीतरी उशिरा बोलू लागला. आईने एकदा रशियन अंगाईगीत म्हटले म्हणून वडील संतापले होते, असे या मुलाने पुढे लिहून ठेवले आहे. मुलाच्या बाबतीत ते फारच कठोर वागले, असे म्हणावे लागते.

पण मुलाशी बोलायचे तर शब्द हवेत! बेन-येहूदा जुने ग्रंथ धुंडाळू लागले. कोरडे करणे या अर्थाच्या जुन्या धातूपासून त्यांनी टॉवेलसाठी ‘मगेवेत’ हा शब्द बनवला. बाहुलीला ‘बुबा’ म्हटले. हिब्रू आणि अरबी या बहिणी-बहिणी. म्हणून त्यांनी अरबी ‘मुरब्बा’वरून ‘रिब्बा’ केला. आपला मुरंबाही त्याच अरबी शब्दावरून आलेला आहे! सगळेच शब्द मात्र रुजले नाहीत. टोमॅटोला त्यांनी ‘बदुरा’ सुचवले. लोकांनी दुसऱ्याचा ‘अगवानिया’ हा शब्द उचलला.

नवे शब्द लोकांपर्यंत पोचावेत म्हणून १८८४ साली त्यांनी वृत्तपत्र काढले. १८९१ साली देवोरा क्षयाने वारल्या. पुढे त्यांनी देवोरांची बहीण हेमदा हिच्याशी विवाह केला. हिब्रूचा मोठा शब्दकोश हे आता त्यांचे मुख्य काम झाले. शब्दकोशासाठीचा ‘मिलोन’ हा शब्दही त्यांचाच.

१६ डिसेंबर १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा कोश अपुराच होता. हेमदा आणि मुलगा एहूद यांनी काम पुढे चालवले. १७ खंडांचा तो कोश १९५९ साली पूर्ण झाला.