कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

कोयना व केरा यांच्या संगमावरील आमच्या पाटणासारख्या गावी, मोठी विद्यापीठे दूर असता, गणितात नवे काही शोधणे शक्य आहे काय, अशी शंका विद्यार्थ्यांच्या मनात येणे साहजिक आहे. तिचे उत्तर म्हणून एका शाळामास्तरांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी मातेचे छत्र हरपले. कारकुनी करणाऱ्या वडिलांनी त्यांस वाढविले. ठाण्यास शालेय शिक्षण व पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात उच्च शिक्षण घेऊन १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत नासिकजवळील देवळालीस त्यांनी अध्यापन केले व फावला वेळ संख्यांच्या चिंतनात घालविला.

मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील डेमलो स्थानकावर त्यांस एक कल्पना सुचली. म्हणून त्या संख्यांस त्यांनी डेमलो संख्या हे नाव दिले. त्यांतील अद्भुत प्रकार असा : ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१.

एकांची ही ओळ मूळ संख्या केव्हा असते, हा प्रश्न इतर गणितज्ञांनी हाताळिला. एक किती वेळा लिहिला ती संख्या विभाज्य असेल, तर ओळही विभाज्य ठरते. जसे, ११११ म्हणजे ११ × १०१. परंतु उलट नियम खरा नाही : तीन एकांचे ३ × ३७ व पाच एकांचे ४१ × २७१ असे अवयव पडतात. ११ नंतर एकदम एकोणीस एकांची संख्या मूळ निघते. तिने १ ला भागिल्यास दशांशचिन्हापुढे अठरा शून्ये व एक ९ हा गट अखंड फिरत राहतो. आणि एकोणीस अंकांचे आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्याच नाही. १०३१ एकांची ओळ मूळ असल्याची सिद्धता विल्यम्स व डबनर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी कापरेकर निवर्तले.

हयातीत कित्येक विद्वानांनी त्यांचे संशोधन क्षुल्लक मानून हसण्यावारी नेले. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून त्यांनी शिकवण्या केल्या. परंतु संख्यांचा नाद सोडिला नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले.

या खटाटोपाचा उपयोग काय, असे पालक विचारतील. पैशाच्या हिशेबाने कापरेकरांस फारसे मिळाले नाही, हे आम्ही कबूल करितो. परंतु त्यांनी काढिलेले सत्य कोणत्याही मुलास स्वतः पडताळून पाहता येते. चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, व आलेल्या बाकीवर तीच कृती पुनःपुन्हा करावी. सात वेळांच्या आत ६१७४ ही संख्या हाती येते. विद्यार्थ्यांनी आज घरी पाटीवर हे करून पाहावे, आणि वडील मंडळींनीही त्यांच्याजवळ घटकाभर बसावे.