डेअरी बुडाली, हॉटेल बुडालं, पण 'भुतांच्या डॉक्टर'ने लेखकाला तारलं

नारायण धारपांचा 'समर्थ' वाचला असेल, तर हा प्रकार तुम्हाला नवा नाही. घरात काहीतरी अघटित घडतंय, माणसं हादरलीत आणि तेवढ्यात एक शांत माणूस दारात उभा राहतो. इतरांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं.

इंग्रजीत असाच एक हिरो १९०८ साली येऊन गाजला होता. डॉ. जॉन सायलेन्स. त्याला जन्म देणारा लेखक म्हणजे अल्जर्नन ब्लॅकवुड.

ब्लॅकवुडचा जन्म १८६९ चा, इंग्लंडमधल्या केंटचा. वडील टपाल खात्यात बडे अधिकारी आणि कट्टर धार्मिक. घरात सतत पाप आणि सैतानाची भीती. अशा घरात या पोराच्या हाती लागली पतंजलीची योगसूत्रं. तिथून पूर्वेकडच्या विचारांची जी गोडी लागली, ती कायमची.

विशीत तो कॅनडाला गेला. डेअरीत पैसे घातले, ती बुडाली. हॉटेलात भागीदारी केली, तेही बुडालं. मग न्यूयॉर्कला बातमीदार झाला. पगार तुटपुंजा, खोलीत ढेकूण आणि सोबत राहणाऱ्यानेच त्याला लुबाडलं. त्यात तो आजारी पडला. तेव्हा एका म्हाताऱ्या जर्मन डॉक्टरने त्याला फुकट बरं केलं. हा डॉक्टर स्वतः मॉर्फिनच्या व्यसनात अडकलेला होता.

१८९९ मध्ये तो इंग्लंडला परतला. पुढे दूध पावडरच्या धंद्यात पडला आणि फावल्या वेळात भुताच्या गोष्टी लिहून ठेवू लागला. एका मित्राने त्या परस्पर प्रकाशकाला दाखवल्या आणि १९०६ मध्ये पहिलं पुस्तक आलं. तेव्हा ब्लॅकवुड ३७ वर्षांचा होता.

पुढच्या गोष्टी एकाच नायकाभोवती गुंफण्याची कल्पना प्रकाशकाची. त्यातून जॉन सायलेन्स उभा राहिला. श्रीमंत, पण ज्यांना फी परवडत नाही अशांवर फुकट उपचार करणारा डॉक्टर. पहिल्याच कथेत त्याच्याकडे येतो एक विनोदी लेखक. भांगेच्या जातीतल्या नशेच्या प्रयोगानंतर घरातल्या दुष्ट शक्तीने त्याचा विनोदच हिरावून घेतलाय. डॉक्टर त्या घरात रात्र काढतो, सोबत एक मांजर आणि एक कुत्रा घेऊन. कुत्रा घाबरतो, मांजर मात्र खूश होते. वाचताना खरा काटा इथे येतो.

सायलेन्स कधी रुबाब दाखवत नाही. तो आधी समोरच्याचं ऐकून घेतो. घाबरलेल्या माणसाला वेडा ठरवत नाही. त्यामुळेच तो जवळचा वाटतो.

लंडनमध्ये पुस्तकाचे मोठाले पोस्टर लागले. ते इतकं खपलं की ब्लॅकवुडने धंदा सोडला, स्वित्झर्लंड गाठलं आणि पूर्णवेळ लिहू लागला. पण सायलेन्सच्या कथा त्याने रेटल्या नाहीत. पहिल्या पाचानंतर फक्त एक आणखी आली.

१९३६ मध्ये बीबीसीचं टेलिव्हिजन सुरू झालं, तेव्हा पहिल्याच दिवशी ब्लॅकवुड पडद्यावर दिसला. म्हातारपणी तो रेडिओ आणि टीव्हीवर गोष्टी सांगणारा आजोबा म्हणून घराघरांत पोहोचला. १९४९ मध्ये त्याला सीबीई हा किताब मिळाला. १९५१ मध्ये तो गेला.

जॉन सायलेन्सचं पुस्तक आज इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं. सुरुवात मांजराच्या कथेपासून करा, आणि शक्यतो रात्री नको.