मायकेल कॅलेन

मायकेल कॅलेन (११ एप्रिल, १९५५ – २७ डिसेंबर, १९९३) हे अमेरिकन गायक, गीतकार, लेखक आणि एड्सविषयक चळवळीतील कार्यकर्ते होते. समलैंगिक पुरुषांना एड्सपासून बचावासाठी कंडोम वापरण्याचा सल्ला देणाऱ्या अगदी सुरुवातीच्या पुस्तिकांपैकी एकीचे ते सहलेखक होत.

जीवन

कॅलेन यांचा जन्म इंडियाना राज्यातील रायझिंग सन या गावी झाला व बालपण ओहायोतील हॅमिल्टन येथे गेले. बोस्टन विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले. १९८२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांना एड्सचे निदान झाले. त्यांच्यावर डॉ. जोसेफ सोनाबेंड उपचार करीत.

सुरक्षित संभोगाचा पुरस्कार

त्या काळी कंडोम हे केवळ संततिनियमनाचे साधन मानले जाई. समलैंगिक पुरुषांना त्याचे प्रयोजन वाटत नसे. परमा, उपदंश यांसारखे रोग प्रतिजैविकांनी बरे होत असत. शिवाय पोलिसांचा जाच व लपवाछपवी यांत अनेक दशके काढल्यानंतर मिळालेले लैंगिक स्वातंत्र्य हा अनेकांच्या दृष्टीने राजकीय हक्कच होता. त्यामुळे संयमाची भाषा बोलणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाई.

नोव्हेंबर १९८२ मध्ये कॅलेन व रिचर्ड बर्कोविट्झ यांनी 'न्यूयॉर्क नेटिव्ह' या नियतकालिकात लेख लिहून अनिर्बंध संबंधांवर हल्ला चढवला. स्वतःच्या पूर्वायुष्याचा दाखला देऊन लिहिलेला हा लेख समाजातील अनेकांना रुचला नाही व त्यावर तीव्र टीका झाली.

मे १९८३ मध्ये दोघांनी सोनाबेंड यांच्या मार्गदर्शनाखाली 'हाऊ टू हॅव सेक्स इन ॲन एपिडेमिक' ही ४० पानांची पुस्तिका काढली. तिचा सूर आधीच्या लेखाहून निराळा होता. संभोग सोडा असे न सांगता, कोणत्या कृतीत जोडीदाराचे वीर्य शरीरात जाते आणि ते कसे रोखावे, हे तीत उघड शब्दांत समजावले होते; गुदसंभोगात कंडोम वापरण्यावर भर होता. जोडीदाराविषयीची आपुलकी हाही तिचा विषय होता. उपदेशापेक्षा ही रीत लोकांच्या गळी उतरण्याजोगी होती.

पुस्तिकेमागील वैद्यकीय उपपत्ती मात्र पुढे टिकली नाही. वीर्यातून वारंवार होणारा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग हे आजाराचे एक प्रमुख कारण असावे, असे सोनाबेंड यांचे मत होते. पुढे एच.आय.व्ही. म्हणून ओळखल्या गेलेल्या विषाणूचा शोध पॅरिसमधील संशोधकांनी त्याच महिन्यात प्रसिद्ध केला. हा विषाणूही वीर्यातून पसरत असल्याने कंडोमचा सल्ला योग्यच ठरला.

पुढील काही वर्षांत समलैंगिकांच्या संस्था कंडोमचा प्रचार करू लागल्या. न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथे समलैंगिक पुरुषांमधील परम्याचे प्रमाण झपाट्याने घटले.

रुग्णहक्क व वाद

जून १९८३ मध्ये डेन्व्हर येथील आरोग्य परिषदेत एड्सग्रस्तांनी जाहीर केलेल्या तत्त्वांच्या रचनेत कॅलेन यांचा सहभाग होता. एड्सग्रस्तांना 'बळी' म्हणू नये, त्यांना लैंगिक जीवनाचा हक्क असावा आणि त्यांनी जोडीदाराला आजाराची कल्पना द्यावी, असे त्यांत म्हटले होते. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी बॅक्ट्रिम या जुन्या, स्वस्त औषधाची अधिकृत शिफारस व्हावी, असा आग्रह त्यांनी १९८७ मध्ये अँथनी फाउची यांच्याकडे धरला. प्रतिबंधक उपचारांची सरकारी मार्गदर्शक तत्त्वे १९८९ मध्ये निघाली; तोवर अनेक रुग्ण दगावले होते.

एच.आय.व्ही. हेच एड्सचे कारण आहे, हे कॅलेन यांना मान्य नव्हते. झिडोव्हुडिन (ए.झेड.टी.) या औषधालाही त्यांचा विरोध होता. एड्सच्या कारणाविषयीचे त्यांचे मत संशोधनाने खोडून काढले आहे.

संगीत व अखेर

'द फ्लर्टेशन्स' या वाद्यांविना गाणाऱ्या समूहाचे ते सदस्य होते. 'सर्व्हायव्हिंग एड्स' हे त्यांचे पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. लॉस एंजेलस येथे वयाच्या ३८व्या वर्षी एड्सजन्य आजाराने त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कमधील कॅलेन-लॉर्ड आरोग्य केंद्राला त्यांचे व कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचे नाव देण्यात आले आहे. संसर्ग होण्यापूर्वीच घ्यावयाच्या एच.आय.व्ही. प्रतिबंधक गोळ्याही या केंद्रात दिल्या जातात.