हरपलेल्या नादाचा शिल्पकार

मराठी रसिकाला परिचित असलेला ऑर्गन हा संगीत नाटकांतला. पायाने भाता चालवायचा आणि पितळी पट्ट्यांतून सूर काढायचा. युरोपातील पाइप ऑर्गन याहून निराळा. हजारो नळ्यांचे हे वाद्य ज्या वास्तूत उभे राहते, तिचाच एक भाग होऊन जाते. साहजिकच वास्तू कोसळली की वाद्यावरही गदा येते. या कलेतील एकोणिसाव्या शतकाचे सर्वश्रेष्ठ कारागीर आरिस्तिद काव्हाये-कोल यांच्या काही कृतींचे नेमके हेच झाले.

१८११ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे ऑर्गन बांधणाऱ्यांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. संगीतकार रोसिनी यांच्या प्रोत्साहनाने १८३३ मध्ये ते पॅरिसला आले आणि अवघ्या बाविसाव्या वर्षी सां-देनी येथील भव्य ऑर्गनचे काम त्यांनी स्पर्धेतून मिळवले. वाद्य जेवढे मोठे, तेवढ्या त्याच्या पट्ट्या दाबायला जड. बार्कर या इंग्रज कारागिराची हवेच्या दाबावर चालणारी तरफ वापरून त्यांनी ही अडचण दूर केली. १८६२ मध्ये सां-सुल्पीस चर्चमध्ये त्यांनी नळ्यांचे तब्बल १०० संच असलेला ऑर्गन उभारला. तो आजही वाजतो.

त्रोकादेरो प्रासादातील ऑर्गनचे नशीब मात्र एवढे बलवत्तर नव्हते. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी उभारलेल्या या वाद्यात ६६ संच होते. विदॉर आणि सेझार फ्रांक यांच्या नव्या रचना त्याच वर्षी त्यावर प्रथम सादर झाल्या. १९३५ मध्ये तो प्रासाद पाडण्यात आला. नळ्या वाचल्या, पण १९३९ मध्ये शायो प्रासादात पुन्हा जोडताना वाद्याची यंत्रणा बदलली, नवे संचही वाढले. १९७७ मध्ये ते लियाँला गेले. म्हणजे नळ्या बऱ्याच त्याच, वाद्य मात्र दुसरेच!

अशा वाद्याची नोंद ठेवायची तरी कशी? संचांची यादी, नळ्यांची मापे, करारपत्रे हे सारे कागदावर राहते. परंतु प्रत्येक नळीचे तोंड किती कापायचे, तळातून हवा किती सोडायची, हे कारागीर जागेवर, त्या दालनाचा प्रतिध्वनी ऐकून ठरवतो. मूळ दालनच गेल्यावर तो निर्णय कशावरून ताडून पाहणार?

उत्तम कामाच्या आग्रहापायी व्यवहार त्यांना फारसा साधला नाही. आर्थिक ओढाताणीत १८९८ मध्ये कारखाना शार्ल म्युतँ यांच्याकडे गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १९२९ मध्ये सेसिल आणि एमान्युएल या त्यांच्या अपत्यांनी लिहिलेले चरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा त्रोकादेरोचे दालन उभे होते. इंग्लंडमधील शेफिल्डच्या अल्बर्ट हॉलमधला त्यांचा १८७३ चा ऑर्गनही शाबूत होता. आठ वर्षांनी, १९३७ मध्ये, तो आगीत भस्मसात झाला.